श्रद्धा, विज्ञान आणि मुलाचा प्रश्न

श्रद्धा आणि विज्ञान यांच्या संबंधांविषयी आजवर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक प्रौढांनी प्रौढांसाठी केलेले आहे. तेथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष आपापल्या जागा धरून बसलेले असतात आणि वादाचा निकाल काय लागणार याचा अंदाज वाचकाला आरंभीच आलेला असतो. या वादाच्या मध्ये एखादे मूल येऊन उभे राहिले म्हणजे मात्र त्याचे स्वरूप पालटते. मूल कोणत्याही पक्षाचे नसते. हा खडक कोणी केला, असे ते विचारते तेव्हा त्याला खडकाविषयीही जाणून घ्यायचे असते आणि त्या ‘कोणी’विषयीही, आणि उत्तर देणारा माणूस आपल्याशी खरे बोलतो आहे की नाही, हे ते त्याच वेळी पारखून घेत असते. प्रौढांच्या वादात झाकून राहणाऱ्या कितीतरी गोष्टी या पारखीत उघड्या पडतात.

ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्गविज्ञान ही दोन्ही तरुण मनापुढे एकत्र मांडण्याचे जे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाले, त्यांचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. ते करणारी माणसे श्रद्धावान होती आणि निसर्गाची जाणकारही होती. पुढील विवेचन मुख्यतः दोन पुस्तकांविषयी आहे. एडमंड गॉसचे ‘फादर अँड सन’ (१९०७) हे आत्मचरित्र अशा एका प्रयत्नाच्या अपयशाची कहाणी आहे. चार्ल्स किंग्जलीचे ‘मॅडम हाउ अँड लेडी व्हाय’ (१८७०) हे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक त्याच प्रश्नाला दिलेले दुसरे उत्तर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या क्षेत्रात जो बिघाड होतो तो पुष्कळदा श्रद्धेतला नसतो आणि विज्ञानातलाही नसतो. तो वाचनातला असतो. कोणते विधान वस्तुस्थिती सांगते, कोणते अर्थ सुचविते आणि कोणते केवळ गोष्ट म्हणून सांगितलेले आहे, हा विवेक माणसाला वाङ्मय शिकविते. ज्या घरात वाङ्मयाला मज्जाव असतो, त्या घरात श्रद्धा आणि विज्ञान यांचा संसार सुखाचा होत नाही.

१

फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हा सामान्य निरीक्षक नव्हता. समुद्रकाठच्या खडकांतील डबक्यांत राहणाऱ्या जीवांचे त्याने केलेले वर्णन आणि रेखाटन त्याच्या काळात अद्वितीय मानले जाई. ‘दि ॲक्वेरियम’ (१८५४) या त्याच्या पुस्तकाने खाऱ्या पाण्याचे काचपात्र इंग्लंडच्या घरांघरांत पोहोचविले. १८५६ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. हाच गृहस्थ ‘प्लिमथ ब्रदरेन’ या कडव्या पंथाचा अनुयायी होता. बायबलातील प्रत्येक अक्षर जसेच्या तसे खरे आणि प्रभूचे पुनरागमन कोणत्याही दिवशी होणार, अशी त्याची अढळ निष्ठा होती. या निष्ठेला त्या काळात भूविज्ञान आव्हान देऊ लागले होते. खडकांचे स्तर आणि त्यांतील जीवाश्म पृथ्वीचे वय लक्षावधी वर्षांचे सांगत होते. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकातील सहा दिवस त्यांत बसत नव्हते.

या पेचातून सुटण्यासाठी त्याने १८५७ साली ‘ऑम्फॅलॉस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ऑम्फॅलॉस म्हणजे ग्रीक भाषेत नाभी. आदाम आईच्या पोटी जन्मला नव्हता. मग त्याला बेंबी होती काय? गॉसचे उत्तर असे की, होती. जीवसृष्टी चक्राकार फिरते. त्या चक्रात कोठेही प्रवेश करा, मागच्या अवस्थांच्या खुणा तेथे असणारच. ईश्वराने पूर्ण वाढलेले झाड एका क्षणात निर्माण केले, तरी त्याच्या खोडात कधीही न घडलेल्या वर्षांची वलये असतील. त्याच न्यायाने पृथ्वी निर्माण झाली तीच मुळी जीवाश्मांसह, कधीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणा पोटात घेऊन. या युक्तिवादात तार्किक छिद्र सापडत नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. बोर्हेससारख्या लेखकाला त्याच्या कल्पनेतील ऐट भावली. स्टीफन जे गुल्डसारख्या शास्त्रज्ञाने त्याच्यावर निबंध लिहून दाखविले की, जे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरूच शकत नाही त्याचा विज्ञानाला काही उपयोग नसतो. त्या काळी मात्र श्रद्धावंतांनी आणि शास्त्रज्ञांनी या पुस्तकाकडे सारखीच पाठ फिरविली. ज्याच्याकडून गॉसला सर्वांत अधिक आशा होती त्या किंग्जलीने त्याला कळविले की, ही उपपत्ती मानायची तर ईश्वराने खडकांवर एक प्रचंड असत्य लिहून ठेवले असे मानावे लागेल, आणि ते आपल्याला शक्य नाही.

या वेळी घरात आठ वर्षांचा मुलगा होता. आई एमिली त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत कर्करोगाने वारली होती. पराभूत आणि विधुर बाप मुलाला घेऊन डेव्हनच्या समुद्रकाठी राहावयास आला. ‘फादर अँड सन’ ही त्या दोघांची कथा आहे.

२

या पुस्तकातील एक प्रसंग सुप्रसिद्ध आहे. मूर्तिपूजा हे घोर पाप असून लाकडादगडापुढे गुडघे टेकणाऱ्यावर ईश्वराचा कोप होतो, असे बापाने मुलाला सांगितलेले असते. सहा वर्षांचा तो मुलगा एके दिवशी घरात कोणी नसताना एक लहान खुर्ची मेजावर ठेवतो, तिच्यापुढे गुडघे टेकतो आणि ईश्वराच्या नावाऐवजी खुर्चीचे नाव घेऊन आपली नित्याची प्रार्थना म्हणतो. मग धडधडत्या छातीने तो वाट पाहतो. आकाशात ढग येत नाही, रस्त्यावर वेगळा आवाज होत नाही. काहीही घडत नाही.

हा प्रसंग समीक्षकांनी पुष्कळदा विनोदी म्हणून सांगितला आहे. वस्तुतः तो एका शास्त्रज्ञाच्या मुलाने केलेला पहिला प्रयोग आहे. त्यात गृहीतक आहे, कृती आहे, निरीक्षण आहे आणि निष्कर्षही आहे. तो निष्कर्ष अत्यंत मोजका आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ईश्वर नाही, असे मुलाला वाटत नाही. ईश्वराच्या मनात काय आहे हे बाबांना ठाऊक असते, एवढ्यावरचा त्याचा विश्वास ढळतो. बापाने मुलाला निरीक्षण करावयास शिकविले होते. त्या शिक्षणाचा हा अगदी सरळ परिणाम होता. मात्र त्याने श्रद्धेची सर्व विधाने निरीक्षणाच्या विधानांप्रमाणेच मांडलेली असल्यामुळे मुलाने ती त्याच रीतीने तपासली. त्यात मुलाचे काय चुकले?

याच्या जोडीला दुसरा एक प्रसंग ठेवला पाहिजे. तो तितका गाजलेला नाही, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. या घरात गोष्टीला बंदी होती. आई एमिली लहानपणी मनाने गोष्टी रचीत असे. ते पाप आहे असे तिच्या शिक्षिकेने तिला बजावले आणि पुढे तिने आपल्या मुलालाही कधी कल्पित गोष्ट सांगितली नाही. पऱ्या, राक्षस, चाचे यांचा वाराही त्या मुलाला लागला नव्हता. एकदा माळ्यावर त्याला एक जुनी ट्रंक सापडते. तिला आतून कसल्याशा सनसनाटी कादंबरीची पाने डकवलेली असतात. शत्रूंनी पाठलाग केल्यामुळे देशोधडीला लागलेल्या एका सरदार घराण्यातील स्त्रीची ती हकीकत जमिनीवर गुडघे टेकून तो वाचतो आणि ती अक्षरशः खरी मानतो. छापलेले खोटेही असू शकते, किंबहुना खरे-खोटे या पलीकडचेही काही असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपली आईही नेहमी बाहेर जाते, तिच्यावर असे संकट येईल काय, या भीतीने तो व्याकुळ होतो.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की त्या घराचे वर्म कळते. खुर्चीपुढचा मुलगा आणि ट्रंकेपुढचा मुलगा एकच चूक करतो. प्रत्येक वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचे निवेदन, असे तो धरून चालतो. ही चूक त्याची नव्हे. ती त्याच्या बापाची आहे. बापाने ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय वाचला तो संग्रहालयातील नमुन्याला लावलेली चिठ्ठी वाचावी तसा. त्या अध्यायाची लय, त्यातील पालुपद, दिवसामागून दिवस उभारीत जाणारी त्याची रचना यांतून तो कोणत्या जातीचा मजकूर आहे हे कळण्यासारखे होते. परंतु ते कळण्यासाठी जो कान लागतो, तो त्या घराने पाप म्हणून बंद करून घेतला होता. आणि गुरू म्हणून ज्याची पूजा त्या घरात अहोरात्र होत होती, तो येशू तर गोष्टी सांगूनच शिकवीत असे! उधळ्या मुलाची गोष्ट ऐकून, तो मुलगा कोणत्या गावचा, असे कोणी विचारीत नाही.

मराठी वाचकाला हा भेद परका नाही. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र येते, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक. सूत्र हे सत्य म्हणून स्वीकारायचे, दृष्टान्त हा गोष्ट म्हणून ऐकायचा आणि दार्ष्टान्तिकात त्या दोहोंचा सांधा पाहायचा. श्रोत्याचे मन या तीन पायऱ्यांवरून सहज उतरते. गॉसच्या घरात सूत्र होते. दृष्टान्ताची पायरी काढून टाकलेली होती. मग खाली येणाऱ्याचा पाय घसरला यात नवल ते काय?

३

तथापि ‘फादर अँड सन’ हे केवळ आरोपपत्र असते तर ते आज कोणी वाचले नसते. त्याचे वाङ्मयीन मोल त्यातील प्रेमात आहे. बाप आणि मुलगा खडकांच्या कपारी न्याहाळतात, ती पाने त्या पुस्तकातील सर्वांत उजळ पाने आहेत. मुलाने शोधून आणलेले एक समुद्रपुष्प बापाला अपरिचित निघते आणि ते रीतसर त्याच्या ग्रंथात दाखल होते. मुलगा स्वतः छोट्या वह्यांत समुद्रजीवांवरचे ‘ग्रंथ’ लिहितो, चित्रे काढतो, नसलेल्या जाती कल्पनेने निर्माण करतो. या घरात कल्पनेला शिरावयास मिळालेली ही एकच फट होती, आणि ती विज्ञानाच्या भिंतीत होती. पुढे कवी आणि समीक्षक झालेल्या एडमंडच्या प्रतिभेचे पहिले अंकुर या वह्यांत आहेत, असे म्हणावेसे वाटते. खडकांतील ती डबकी आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, बापाची पुस्तके वाचून तेथे लोटलेल्या हौशी संग्राहकांनीच ती ओरबाडून टाकली, असे एडमंड लिहितो. सृष्टीवर इतके प्रेम करणाऱ्या माणसाच्या प्रेमानेच ती नष्ट व्हावी, ही या पुस्तकातील एक खोल व्यथा आहे. बापाने मुलावर केलेल्या प्रेमाविषयीही लेखकाला तेच सांगावयाचे आहे.

पुस्तकाच्या अखेरीस खुर्चीच्या प्रसंगाला एक प्रतिबिंब मिळते. मुलगा आता शाळेत आहे. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी खिडकीशी बसलेला असताना, प्रभू आता या क्षणी येणार, अशी उत्कट जाणीव त्याला होते. तो हाक मारतो, वाट पाहतो. वाऱ्याची झुळूक येते, खालून आवाज येतात, चहाची घंटा होते. त्या क्षणी त्याच्या मनात काहीतरी कायमचे कोसळते. एकदा ईश्वराच्या कोपाची वाट पाहिली, एकदा त्याच्या आगमनाची. दोन्ही वेळा उत्तर म्हणून रोजचा व्यवहार तेवढा पुढे आला. या दोन प्रसंगांच्या दरम्यान मुलगा दहा वर्षांनी मोठा झाला, परंतु श्रद्धेला प्रश्न विचारण्याची दुसरी कोणतीही रीत त्याला कोणी शिकविली नाही. या पुस्तकातील शोकान्त माझ्या मते येथे आहे.

येथे एका शंकेचा निर्देश करणे न्यायाचे होईल. आपले निवेदन काटेकोर खरे असून ते एका मावळत्या धर्मजीवनाचा दस्तऐवज आहे, असा दावा एडमंड प्रस्तावनेत करतो. परंतु ॲन थ्वेट यांनी फिलिप गॉसच्या चरित्रात (२००२) पत्रांच्या व समकालीन कागदपत्रांच्या आधारे दाखविले आहे की, ते बालपण पुस्तकात दिसते तितके एकाकी आणि उदास नव्हते. अनेक ठिकाणी लेखकाची स्मृती सोयीस्करपणे वाकली आहे. एडमंडने १८९० साली लिहिलेले बापाचे चरित्र आणि सतरा वर्षांनी लिहिलेले हे आत्मचरित्र यांच्या सुरातही पुष्कळ अंतर आहे. म्हणजे बापाच्या उपपत्तीला हसणाऱ्या मुलाने स्वतःही एक छोटेसे ‘ऑम्फॅलॉस’ रचले म्हणावयाचे! आपल्या प्रौढ स्वभावाला शोभेल असा भूतकाळ त्याने मागे जाऊन घडविला आणि त्याच्या स्तरांत योग्य ते जीवाश्म पुरून ठेवले. तरीही या पुस्तकाचे सत्य त्यामुळे उणावत नाही. ते दस्तऐवज म्हणून डळमळीत आणि कलाकृती म्हणून भक्कम आहे. आपण त्याला कोणत्या जातीचे वाक्य म्हणून वाचतो, यावर सारे अवलंबून आहे. आणि हा विवेक त्या घरात नव्हता, हेच तर ते पुस्तक सांगते.

४

चार्ल्स किंग्जली (१८१९–१८७५) हा इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचा धर्मोपदेशक होता. गॉसचा चाहता आणि मित्र होता. समुद्रकाठच्या सृष्टीवरील त्याचे ‘ग्लॉकस’ (१८५५) हे पुस्तक गॉसच्या लेखनाच्या प्रेमातूनच निघाले. ‘ऑम्फॅलॉस’ला त्याने नकार दिला आणि दोनच वर्षांनी डार्विनचा ग्रंथ हाती पडला तेव्हा मोकळ्या मनाने त्याचे स्वागत केले. स्वतःला घडवीत जाणारे जीव ईश्वराने निर्माण केले असे मानणे त्याच्या थोरवीला उणेपणा आणीत नाही, अशा आशयाचे त्याचे मत डार्विनने पुढच्या आवृत्तीत, त्याचे नाव न घेता, नमूद केले आहे.

‘मॅडम हाउ अँड लेडी व्हाय’ हे पुस्तक त्याने आपल्या धाकट्या मुलासाठी आणि त्याच्या शाळासोबत्यांसाठी लिहिले. त्याची सारी मांडणी दोन स्त्रियांच्या रूपकावर उभी आहे. ‘कसे’ ही राबणारी बाई. दऱ्या कोरणे, खडू साठविणे, हिमनद्यांचे नांगर चालविणे ही तिची कामे. ‘का’ ही तिची मालकीण. ती क्वचित दिसते आणि तिचे बोलणे पटकन कळत नाही. लेखक मुलाला बजावतो की, पहिलीचे उत्तर मिळाले म्हणजे दुसरीचेही मिळाले असे समजू नकोस. पण पहिलीशी ओळख करून घेतल्यावाचून दुसरीच्या दाराशी जाऊ नकोस. या पहिलीला ‘विश्लेषण’ आणि ‘संश्लेषण’ असे दोन नातूही आहेत. शास्त्रीय रीतीचा परिचय मुलाला इतक्या घरगुती भाषेत करून देणारी पुस्तके फारशी नाहीत.

परंतु या पुस्तकाची खरी कसोटी भूकंपाच्या प्रकरणात लागते. १८६८ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरिका शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्या अवशेषांचे सचित्र नियतकालिकातील चित्र मुलाने पाहिले आहे आणि तो खिन्न झाला आहे. देवाने इतकी माणसे, आया आणि लेकरेसुद्धा, का मारली, असे त्याला विचारावयाचे आहे. धर्मोपदेशक बापाला येथे दोन सोपे मार्ग होते. ती माणसे पापी होती, असे सांगता आले असते. किंवा भूकंप ही नुसती भूगर्भातील हालचाल आहे, ‘का’ हा प्रश्नच अडाणीपणाचा आहे, असेही म्हणता आले असते. किंग्जली दोन्ही टाळतो. तो मुलाला सांगतो की, हे मला ठाऊक नाही. पुढे तो असेही सांगतो की, हा प्रश्न विचारण्यात तुझे काही चुकले नाही. तू माणूस आहेस म्हणूनच तो तुला पडला. त्यानंतर मग तो ‘कसे’कडे वळतो आणि वाफेचे, तापलेल्या खडकाचे, कवचाला पडणाऱ्या भेगांचे विवेचन करतो.

हे वाचताना गॉसच्या घरातील खुर्चीची आठवण होते. तेथे बापाला सर्व ठाऊक होते, म्हणून मुलाला बापाची चोरून परीक्षा घ्यावी लागली. येथे बाप आपले अज्ञान आपण होऊन सांगतो; परीक्षेची गरजच उरत नाही. मुलाच्या मनातील श्रद्धा आणि जिज्ञासा एकाच वेळी जगू शकतात, त्या या ‘ठाऊक नाही’च्या आधारावर. भूकंपाविषयीचे त्या प्रकरणातील भूविज्ञान आज जुने झाले आहे. भूपट्टांच्या हालचालीची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. पण बाप-लेकांच्या त्या संवादाला जुनेपणा आलेला नाही.

५

किंग्जलीची थोरवी मान्य करूनही त्याच्या मर्यादेकडे डोळेझाक करता येत नाही. ती ‘द वॉटर-बेबीज’ (१८६३) या त्याच्या अद्भुतकथेत विशेष दिसते. धुराडी साफ करणारा टॉम हा अनाथ पोर नदीत बुडून जलबालक होतो आणि नदीतून समुद्राकडे, अज्ञानातून शहाणपणाकडे प्रवास करतो. जे आपण पाहिले नाही ते असूच शकत नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांची यथेच्छ थट्टा तीत आहे. उत्तरेच्या शांत सरोवरात टॉमला मदर कॅरी भेटते तो प्रसंग तर अविस्मरणीय आहे. तिच्याभोवती जीव घडविण्याची मोठी धामधूम असेल अशी टॉमची कल्पना. ती मात्र स्वस्थ बसलेली, आणि जीव आपले आपण घडत आहेत. उत्क्रांती आणि निर्मिती यांचा मेळ युक्तिवादाने नव्हे तर प्रतिमेने घातलेला असा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

परंतु याच कथेत करणीप्रमाणे फळ देणारी एक कठोर परी आहे. ती स्वतःला किल्ली दिलेल्या यंत्राप्रमाणे मानते; राग नाही, लोभ नाही, नेमका हिशेब तेवढा. येथे निसर्गनियम आणि नीतिनियम एकरूप होतात आणि तेथेच धोका सुरू होतो. आळसात रमलेली एक जमात पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाऊन शेवटी वानर होते, अशी एक गोष्ट त्या परीच्या पुस्तकात आहे. आयरिश, कृष्णवर्णीय आणि इतर लोकांविषयी या कथेत जागोजागी जे तुच्छतेचे उद्गार आहेत, ते या गोष्टीपासून फार दूर नाहीत. निसर्गात जो मागे पडला तो नीतीनेही हीन, असा निष्कर्ष मुलाच्या मनात नकळत रुजविला जातो. अरिकाच्या मृतांविषयी ‘ठाऊक नाही’ म्हणणारा लेखक दुबळ्यांच्या बाबतीत मात्र सारे ठाऊक असल्यासारखे लिहितो. ‘का’चे उत्तर ‘कसे’च्या तोंडी घातले की असे होते. गॉसने श्रद्धेची वाक्ये विज्ञानाची म्हणून वाचली; किंग्जलीने येथे विज्ञानाची वाक्ये नीतीची म्हणून लिहिली. गफलत एकाच जातीची आहे, दिशा तेवढी उलटी.

६

या विषयाला मराठीतही एक इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि १८७२ साली मुलांसाठी ‘बालबोधमेवा’. मराठी मुलांपर्यंत निसर्गविज्ञानाची माहिती सोप्या भाषेत पोहोचविण्याच्या कार्यात या नियतकालिकांचा वाटा कृतज्ञतेने स्मरावा असाच आहे. परंतु त्या काळच्या मिशनरी वादविवादात विज्ञानाला जी भूमिका मिळाली ती साक्षीदाराची. सप्तसमुद्र आणि मेरू खोटे, कारण भूगोल तसे सांगतो. म्हणून पुराणे खोटी. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद रंगले ते वर्षही १८५७ हेच. नेमक्या त्याच वर्षी दुसऱ्या एका समुद्रकिनाऱ्यावर फिलिप गॉस भूविज्ञानाच्या त्याच साक्षीपासून ‘उत्पत्ती’ला वाचविण्यासाठी धडपडत होता. दुसऱ्याच्या ग्रंथाविरुद्ध बोलाविलेला साक्षीदार आपल्या ग्रंथाविषयी गप्प बसत नसतो.

या वादांत उभय पक्षांनी पुराणांचा दृष्टान्तभाव गमावला, हे अधिक मोठे नुकसान होय. एकाने मेरू नकाशात शोधला आणि सापडला नाही म्हणून टाकून दिला. दुसऱ्याने तो नकाशात आहेच असा हट्ट धरला. त्या काळी शाळेत पृथ्वीचा गोल पाहून घरी कथा ऐकावयास बसणाऱ्या मुलाची कुचंबणा एडमंड गॉसच्या कुचंबणेहून फारशी निराळी नसावी. धर्म कोणताही असो, मुलापुढे त्याचा ग्रंथ भूगोलाचे पुस्तक म्हणून उघडला की एक दिवस ते मूल त्याची परीक्षा भूगोलाच्याच रीतीने घेणार.

७

शेवटी एका तिसऱ्या माणसाचा निर्देश केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मायकेल फॅरडे हा सँडेमेनियन या लहानशा, कडक पंथाचा निष्ठावान सभासद होता. अक्षरनिष्ठेत तो गॉसहून फार मागे नसेल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत आली आहेत. १८६०–६१ च्या नाताळात फॅरडेने तेथे मेणबत्ती या विषयावर सहा व्याख्याने दिली. मेण वितळते कसे, वातीतून चढते कसे, ज्योतीचा कोणता भाग उजळ आणि कोणता काळा, जळताना पाणी कोठून येते, आणि अखेरीस मेणबत्तीचे जळणे व आपले श्वास घेणे यांत साम्य कोणते, हे तो प्रयोगांनी दाखवीत जातो. या सहा व्याख्यानांत तो ईश्वरासाठी युक्तिवाद करीत नाही. ‘पाहा, किती योजनापूर्वक रचना!’ असे म्हणून तो मुलाचे बखोट धरीत नाही. धर्मश्रद्धा आणि इतर ज्ञान यांच्या वाटा वेगळ्या आहेत, असे त्याने १८५४ साली स्पष्ट म्हटले होते, आणि तो ते पाळतो. फक्त अगदी शेवटी, मेणबत्तीप्रमाणे तुम्हीही भोवतालच्या लोकांना उजेड द्यावा, अशी इच्छा तो मुलांपाशी व्यक्त करतो. ज्यांनी डोंगरावरचे प्रवचन ऐकलेले असेल त्यांना त्यातील दिव्याची खूण पटेल; ज्यांनी ऐकलेले नसेल त्यांनाही उजेड कळेल. सहा व्याख्याने सूत्राची आणि शेवटचे एक वाक्य दृष्टान्ताचे. दोन्ही आपापल्या जागी आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याला इजा होत नाही.

पूर्ण सांगड घालू पाहणारा गॉस, संवाद करणारा किंग्जली आणि मौन पाळणारा फॅरडे या तिघांत मुलाच्या दृष्टीने कोण अधिक प्रामाणिक? फॅरडेचे मौन निर्दोष आहे, पण अरिकाच्या चित्रापुढे खिन्न बसलेल्या मुलाला ते पुरणार नाही. त्याला किंग्जलीचे ‘ठाऊक नाही’ लागेल, आणि किंग्जली जेथे ते म्हणावयास विसरला तेथे त्याला थांबविण्याचे धैर्यही लागेल. गॉसची उपपत्ती मेलेली नाही. जगाच्या अनेक भागांत मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या पुस्तकांतून खडकांना गप्प बसविण्याचे प्रयत्न आजही चालू आहेत. उलट बाजूला, ‘कसे’चे उत्तर देऊन झाले म्हणजे ‘का’ विचारणाऱ्या मुलाला वेड्यात काढणारेही आहेत. दोघांच्याही घरांत त्या माळ्यावरच्या ट्रंकेला कुलूप असावे, असे मला वाटते. ते कुलूप आधी काढावे. गोष्ट ही गोष्ट म्हणून वाचावयास शिकलेले मूल पुढे श्रद्धा ठेवील किंवा ठेवणार नाही. तो त्याचा अधिकार आहे. पण देवाची परीक्षा घेण्यासाठी त्याला खुर्ची मेजावर चढवावी लागणार नाही, आणि खडक खोटे बोलतात असेही त्याला मानावे लागणार नाही.